सुसंगतता-प्रकल्पाच्या दस्तऐवजांची आखणी : वाइनचे उदाहरण

विंडोजसाठी लिहिलेले प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारा वाइन हा मुक्त-स्रोत प्रकल्प १९९३ साली सुरू झाला आणि त्याची १.० ही आवृत्ती जून २००८ मध्ये आली. इतर सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेत ते सॉफ्टवेअर काय करते हे सांगितले की बहुतेक काम भागते. इथे मात्र वाचक दुसऱ्याच कोणाच्या तरी वस्तूविषयी विचारत येतो, कारण त्याला 'माझा हिशेबाचा प्रोग्रॅम यावर चालेल का' एवढेच हवे असते. त्याचे उत्तर त्या प्रोग्रॅमची आवृत्ती आणि वाइनची आवृत्ती या जोडीवर ठरते. म्हणून प्रकरणांची यादी करण्याआधी कोणती माहिती किती दिवसांत शिळी होते, हे पाहावे.

वाइनची विकास-आवृत्ती साधारण दर दोन आठवड्यांनी निघते आणि स्थिर आवृत्ती वर्षातून एकदा. 'अमुक प्रोग्रॅम चालतो' हे वाक्य पुस्तिकेत छापले, तर ते महिन्याभरात खोटे ठरू शकते. अशी माहिती पुस्तिकेबाहेर, वापरकर्त्यांनी भरलेल्या नोंदींच्या कोठारात ठेवावी. वाइनच्या अशा कोठारात प्लॅटिनमपासून गार्बेजपर्यंत श्रेण्या आहेत. परंतु माझ्या मते श्रेणीपेक्षा नोंदीचा साचा महत्त्वाचा आहे. वाइनची आवृत्ती, लिनक्सचे वितरण (उबुंटू, फेडोरा यांसारखे) व त्याची आवृत्ती, काय चालले, काय अडले आणि कोणती युक्ती करावी लागली, हे रकाने सक्तीचे नसतील, तर 'मस्त चालते' या शेऱ्याचा दुसऱ्याला काहीच उपयोग होत नाही.

उरलेली, सावकाश बदलणारी माहिती वाचकांनुसार वाटावी. वाइनने वापरकर्ते, विनलिब (वाइनचा लायब्ररी-भाग) आणि विकासक अशा तीन पुस्तिका केल्या. विनलिबची पुस्तिका विंडोजसाठी लिहिलेला सोर्स कोड लिनक्सवर बांधणाऱ्या (कंपाइल करणाऱ्या) मोजक्या लोकांसाठी असल्याने ती लहान राहिली तरी चालते.

वापरकर्त्याच्या पुस्तिकेत सर्वाधिक जागा 'प्रीफिक्स' या कल्पनेला द्यावी. वापरकर्त्याच्या घर-फोल्डरमध्ये वाइन एक लपलेला फोल्डर तयार करते आणि त्यात सी ड्राइव्ह व रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंग्जची नोंद) ठेवते, हे ज्याला उमगले त्याला प्रत्येक प्रोग्रॅमसाठी वेगळा प्रीफिक्स का करावा आणि बिघडला तर तो एकटाच पुसून नव्याने कसा मांडावा, हे वेगळे शिकवावे लागत नाही. त्याच प्रकरणात धोकाही स्पष्ट लिहावा : झेड ड्राइव्ह मुळात लिनक्सच्या संपूर्ण फाइल-व्यवस्थेकडे बोट दाखवतो, त्यामुळे वाइनखाली चालणारा प्रोग्रॅम, मग तो व्हायरस का असेना, वापरकर्त्याच्या सगळ्या फाइल्सपर्यंत पोहोचू शकतो. वाइन रूट (सर्वाधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवू नये, ही सूचना परिशिष्टात न टाकता स्थापनेच्या पायरीलगतच द्यावी.

विकासकांच्या पुस्तिकेचे पहिले पान कोडविषयी नसावे, तर कोणी काय लिहू नये याविषयी असावे. मायक्रोसॉफ्टचा सोर्स कोड पाहिलेल्या व्यक्तीचे त्या भागातील योगदान कायदेशीर अडचण ठरू शकते, आणि हा नियम नवख्याला पहिला पॅच (कोडमधील बदल) पाठवल्यानंतर कळणे त्याला आणि प्रकल्पालाही महागात पडते. त्याच पानावर परवाना सांगावा. वाइनचा परवाना २००२ पासून एलजीपीएल हा मुक्त-सॉफ्टवेअर परवाना आहे. विंडोजची फंक्शने नेमकी कशी वागतात हे मात्र गद्यात लिहीत बसू नये. वाइनच्या चाचण्या (वर्तन तपासणारे छोटे प्रोग्रॅम) खऱ्या विंडोजवरही चालवल्या जातात आणि वाइनमध्ये अजून न साधलेले वर्तन त्यांत 'टुडू वाइन' अशी खूण करून ठेवतात. त्यामुळे वर्तनाची विश्वासार्ह नोंद तिथेच सापडते, आणि पुस्तिकेने ती चाचणी वाचायची व लिहायची कशी, एवढेच शिकवावे.

शेवटी दोष कळवण्याचे पान लिहावे, आणि ते इतर सर्व पानांहून जास्त वेळा तपासावे. टर्मिनलवरील संपूर्ण मजकूर जोडावा, नव्या कोऱ्या प्रीफिक्समध्ये दोष पुन्हा घडतो का ते पाहावे आणि आवृत्तीचा आकडा लिहावा, या तीन सूचना पुरतात. त्यांच्याखाली एक ओळ ठळक असावी, ती अशी की 'फिक्समी' (वाइनमधील अजून अपुऱ्या भागाची खूण) ने सुरू होणारे संदेश बहुधा निरुपद्रवी असतात आणि केवळ ते दिसतात म्हणून दोष नोंदवू नये.