आखाड्यावरच्या मोटरीचा व्हिडिओ घरी बघा, डब्याचा अँटेना करून

आमच्या फीडरला थ्री फेज लाईट पाळीनं येते, काही दिवस दिवसा आन काही दिवस रात्री, आन रात्रीची पाळी असली की बाबा दीड-दोन वाजता बॅटरी घेऊन आखाड्यावर, म्हंजे शेतातल्या विहिरीकडं निघायचे, फक्त हौदात धार पडतीय का ते बघायला. फोनवरून मोटर चालू-बंद करणारा मोबाईल स्टार्टर आहे, तो सांगतो मोटर चालू झाली म्हणून, पण पाणी येतंय का फुटव्हॉल (विहिरीतल्या पाईपच्या बुडाची झडप) सुटलाय ते त्याला काय कळत नाही. बांधावर घोणस निघते. म्हणून कॅमेरा बसवायचा ठरवलं, विहिरीवर मोबाईलची रेंज धड नाही म्हणून सिमवाला कॅमेरा कामाचा नव्हता, घरापासून विहीर सरळ रेषेत ६०० मीटर.

सामान थोडंच लागतं. ईएसपी३२-कॅम नावाचा बोर्ड, त्याच्यावर ओव्ही२६४० कॅमेरा येतो आन वायफाय आतच असतं. साधा यूएसबी वेबकॅम या बोर्डाला जोडता येत नाही, तुमच्याकडं वेबकॅमच पडून असेल तर रास्पबेरी पाय झिरो डब्ल्यू नावाचा छोटा कॉम्प्युटर घ्या, पण तो करंट जास्त खातो. घरी एकच अँटेना असलेला जुना राऊटर, ज्याचा अँटेना आटे फिरवून निघतो असा.

एक गोष्ट आधीच सांगतो, जुने टीव्हीच्या चॅनलवर व्हिडिओ सोडणारे ट्रान्समीटरचे सर्किट फिरत असतात ते बनवू नका, त्याला लायसन लागतं. २.४ गीगाहर्ट्झ बँड आपल्याकडं २००५ पासून लायसनमुक्त आहे, ट्रान्समीटर १ वॅट आन अँटेना धरून ४ वॅट एवढी मर्यादा. आपला बोर्ड ०.१ वॅटच्या आसपास सोडतो, डबा लावला तरी आपण मर्यादेच्या बरंच खाली राहतो.

आता डबा, हाच वायफायचा सिग्नल एका दिशेनं लांब फेकणारा अँटेना. पत्र्याचा गोल डबा, व्यास ८ ते ९.३ सेंटीमीटरच्या मधला, लांबी १६ च्या पुढं. त्यापेक्षा लहान घेतला तर लहर आत नीट चालत नाही, मोठा घेतला तर आत दुसऱ्याच प्रकारची लहर तयार होते आन दिशा बिघडते. मला ९ सेंटीमीटरचा मिळाला. त्याला बंद बुडापासून ५.१ सेंटीमीटरवर भोक पाडायचं, तिथं एन टाईप सॉकेट (अँटेनाची केबल जोडायचं) बसवायचं आन त्याच्या मधल्या पिनेला तांब्याची जाड तार डाग द्यायची, डब्याच्या भिंतीपासून आत ३.१ सेंटीमीटर भरली पाहिजे. हे ५.१ माप व्यासावर ठरतं, ८.३ चा डबा असेल तर ६.२ घ्या. असे दोन डबे करायचे, एक शेतात बोर्डाला, एक घरी राऊटरच्या अँटेनाच्या जागी, आन दोन्हीकडची तार उभीच ठेवायची, एक उभी एक आडवी झाली तर सिग्नल जवळजवळ संपतो.

बोर्डावर अँटेनाजवळ एक अगदी बारीक रेझिस्टर असतो, तो काढून शेजारच्या जागेवर बसवला की बाहेरचं अँटेनाचं सॉकेट चालू होतं, हे काम बारीक टोकाच्या सोल्डरिंग गननं आन चांगल्या उजेडात करा. तिथून डब्यापर्यंतची केबल एक वीत, त्याच्यावर नको. केबलीतच सिग्नल मरतो, म्हणून बोर्डाची पेटी खांबावर डब्याच्या मागंच बसवायची, लेन्स हौदाकडं आन डबा घराकडं.

प्रोग्रॅम आर्डुइनोत (बोर्डात प्रोग्रॅम भरायचं कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर) तयारच असतो, ईएसपी३२ च्या एक्झाम्पलमध्ये कॅमेरा वेब सर्व्हर, त्यात मॉडेल एआय थिंकर निवडा, राऊटरचं नाव-पासवर्ड टाका, आयओ झिरो पिन ग्राउंडला जोडून रिसेट दाबा, अपलोड झालं की ती वायर काढा. साईज क्यूव्हीजीए ठेवा, म्हंजे ३२० बाय २४०, आन क्वालिटीचा आकडा २० च्या पुढं, तिथं आकडा वाढला की फोटो हलका होतो. सेकंदाला चार-पाच फोटो आले तरी धार बरोबर दिसते. राऊटरला पासवर्ड असूच द्या, आपल्या रानातलं चित्र गावानं कशाला बघावं.

बोर्ड मधीमधी आपोआप रिसेट होत असेल तर प्रोग्रॅम बघू नका, सप्लाय बघा. ५ व्होल्ट पिनेजवळच १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा आन खांबावर १२ व्होल्ट नेऊन वरच ५ करा. १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी आन २० वॅटचं सोलर पॅनल यावर माझं चोवीस तास चालतं, पूर्ण ढगाळ असलं तर एक-दीड दिवस निघतो. पेटी पांढरी घ्या, खालून भोकं पाडा, मे महिन्यात आत बोर्ड लई तापतो.

सगळ्यात जास्त त्रास मला खांबाच्या उंचीनं दिला. उन्हाळ्यात ३ मीटरच्या खांबावर झकास चालायचं, भादव्यात मधल्या वावरातला ऊस डोक्याच्या वर गेला आन चित्र अडकायला लागलं, पाऊस पडून पानं ओली झाली की बंदच. ६०० मीटरला मधोमध रेषेपासून चारी बाजूंना चार-चार मीटर जागा लहरीला लागते, निदान त्यातली अडीच मीटर तरी मोकळी पाहिजे. मग शेतातला खांब ५ मीटर केला, घरी माळवदावर तीन मीटरचा पाईप, आन पावसातही चित्र यायला लागलं. काळ्या मातीत नुसता खड्डा करून खांब रोवू नका, उन्हाळ्यात भेगा पडल्या की तो कलतो आन डब्याची दिशा जाते, काँक्रीट भरा. विजेच्या तारेपासून खांब आडवा पडला तरी लागणार नाही एवढा लांब ठेवा, अर्थिंग द्या, आन आभाळ कडकडायला लागलं की खांबाला हात लावायला जाऊ नका.

रात्री हा कॅमेरा आंधळा असतो. म्हणून स्टार्टरच्या पेटीवरून एका फेजवर ९ वॅटचा एलईडी हौदावर लावलाय, जोडणी वायरमनकडून करून घेतली. थ्री फेज आली की बल्ब लागतो, आता बाबा गोधडीतूनच मोबाईल बघतात, काळं दिसलं तर लाईट नाही, उजेड आन धार दिसली तर सगळं बरोबर, उजेड आहे आन धार नाही तर तिथूनच स्टार्टरला फोन लावून मोटर बंद करतात.