मिक्सर दुकानात नेण्याआधी

आषाढी एकादशीच्या आदल्या रात्री माझा मिक्सर बसला. सकाळी उपासाचे १२ डबे द्यायचे होते. दाणे भाजून, सोलून तयार होते. बटण फिरवलं तर मोटरचा आवाज नेहमीसारखा, पण भांड्यातले दाणे जागचे हलेनात. शेवटी स्वच्छ पंच्यात दाणे गुंडाळून वरून लाटणं फिरवलं. कूट जरा भरड झाला, पण खिचडीला चांगला लागला. हे आधी सांगतेय, कारण मिक्सर अडला की आपण घाबरून सांगतील ते पैसे मोजतो. एक-दोन दिवस लाटण्यावर, खलबत्त्यावर निभतं. तेवढ्यात बिघाड कुठे आहे ते बघून घ्या.

द्वादशीला मी एका दुकानात गेले. मिक्सर उघडूनही न बघता उत्तर आलं, "मोटर गेली, ९०० रुपये." माझ्या डब्यांचा तो आठवडाभराचा किराणा. आणि मोटर फिरत होती हे तर मी कानांनी ऐकलं होतं. मिक्सर उचलून घरी आणला.

प्लग काढून भांडं जिथे बसतं तो खळगा उजेडात धरला. आत काळी पूड साचलेली. मधल्या काळ्या चाकाचे, म्हणजे कपलरचे, दात झिजून गोल झाले होते. मोटर या कपलरमधून भांड्याखालच्या दुसऱ्या कपलरला फिरवते आणि तो पात्याला. दात राहिले नाहीत की मोटर एकटीच फिरते. पातं अडकलं तर आधी कपलर झिजावा, तुटावा आणि मोटर वाचावी, म्हणून तो रबराचा किंवा नायलॉनचा असतो. भांडं उलटं करून खालचाही बघा. एक झिजलेला आणि एक नवा ठेवला तर नवाही लवकर जातो. मी दोन्ही बदलले. जुने कपलर दाखवायला सोबत नेले होते, कारण प्रत्येक कंपनीची दातांची घडण वेगळी. दोन्ही मिळून ११० रुपये झाले. घरी काढणार असाल तर एक लक्षात ठेवा: माझ्या मिक्सरच्या कपलरचा आटा (स्क्रूसारखे पेच) उलटा होता, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवल्यावर सुटला. सुटत नसेल तर पकडीने ओरबाडू नका, दुकानात पाच मिनिटांचं काम आहे.

मिक्सर अगदीच गप्प असेल तर त्याच सॉकेटमध्ये मोबाईलचा चार्जर लावून बघा. वीज येत असेल तर प्लग काढून मिक्सर उलटा करा. तळाला बहुधा एक लाल बटण असतं. भांडं गच्च भरलं, वाटण फार घट्ट झालं की मोटर तापते आणि ते बटण बाहेर येतं. १५-२० मिनिटं गार होऊ द्या, बटण दाबा, आधी रिकामाच फिरवा. शेजारच्या काकूंचा मिक्सर एवढ्यावर सुरू झाला.

नुसता घूं आवाज येतो आणि काहीच फिरत नाही, तर लगेच बंद करा, तसाच चालू ठेवला तर मोटर जळते. प्लग काढून भांडं बाजूला घ्या आणि भांड्याखालचा कपलर हाताने फिरवा. जाम असेल तर पात्याच्या बुशमध्ये, म्हणजे पात्याचा दांडा ज्या नळीत फिरतो तिच्यात, वाटण सुकलंय. गरम पाणी घालून तासभर ठेवा, मग हळूहळू मोकळं करा. भांड्याखालून पाणी गळत असेल तर बुश किंवा वॉशर बदलायला टाका. तेच पाणी खाली मोटरमध्ये उतरतं.

मधेच चालतो, मधेच थांबतो, झरोक्यातून मोठ्या ठिणग्या दिसतात, तेव्हा बऱ्याचदा कार्बन, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे, झिजून संपलेले असतात. बारीक ठिणगी या मोटरमध्ये नेहमीचीच. कार्बन जोडीने बदलतात, आणि ते काम मी कारागिराकडेच देते.

जळका वास आणि धूर आला तर मात्र मोटरचं वाइंडिंग, म्हणजे आतल्या तारेची गुंडाळी, गेलेलं असू शकतं. तेव्हा आधी बिल शोधा. बऱ्याच कंपन्या मोटरला जास्त वर्षांची वॉरंटी देतात, आणि बाहेर कुठे मिक्सर उघडला तर ती हातची जाते. वॉरंटी संपली असेल तर दोन ठिकाणी भाव विचारा. नव्या मिक्सरच्या निम्म्याच्या वर खर्च सांगितला तर मी दुरुस्त करणार नाही.

दुकानात गेल्यावर "मिक्सर बंद आहे" एवढंच सांगू नका. "मोटर फिरते, पातं फिरत नाही" असं सांगा. आकडा आधी ठरवा आणि काढलेला जुना भाग परत मागा. माझा झिजलेला कपलर मसाल्याच्या कपाटात डबीत ठेवलाय. पुढच्या वेळी तोच नमुना घेऊन जाईन.