सौदी अरेबियाच्या कस्टम्समधून लॅपटॉप नेताना : या चुका टाळा

चिपळूणहून जुबैलच्या कारखान्यात रुजू व्हायला निघालेला वेल्डिंग निरीक्षक असो किंवा हिंजवडीच्या कार्यालयातून तीन महिन्यांसाठी रियाधला पाठवलेली संगणक अभियंता असो, निघण्याच्या आदल्या आठवड्यात दोघांचाही प्रश्न एकच असतो : “तिकडे लॅपटॉप उघडून बघतात का हो?” बहुतेक वेळा बघत नाहीत. जेद्दा, रियाध किंवा दम्मामला उतरून पासपोर्टची तपासणी झाली की सगळे सामान, हातातल्या पिशवीसह, पुन्हा एकदा क्ष-किरण यंत्रातून जाते, पडद्यासमोर बसलेला कर्मचारी मान हलवतो आणि प्रवासी बाहेर पडतो. स्वतःच्या वापरातला एक लॅपटॉप ही तिथल्या कस्टम्सच्या लेखी कपड्यालत्त्याइतकीच साधी वस्तू आहे. तरीही काही जण त्या टेबलापाशी तासन्‌तास अडकतात, आणि त्यांची हकिगत नीट ऐकली की बहुधा असे दिसते की यंत्राला कोणी आक्षेप घेतलेलाच नव्हता. आक्षेप होता तो आत साठवलेल्या मजकुराला, सोबतच्या डब्याला, नाहीतर प्रवाशाने त्या पाच मिनिटांत केलेल्या घाईला.

ऐकीव माहितीवर विसंबणे

आखातातल्या जुन्या मंडळींकडून व्हिडिओ कॅसेट तपासणीसाठी ठेवून घेतल्याच्या आणि मासिकांतल्या चित्रांवर काळी शाई फासल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या असतात. त्या खोट्या नाहीत, पण त्या काळातल्या आहेत. याच्या उलट, २०१८ मध्ये चित्रपटगृहे पुन्हा उघडली, सप्टेंबर २०१९ पासून पर्यटक व्हिसा मिळू लागला, म्हणून आता सगळे चालते असे सांगणारी तरुण मंडळीही भेटतात. दोघांचेही ऐकून निघू नये, कारण रस्त्यावरचे वातावरण सैल झाले तरी कायद्याची अक्षरे तीच राहिली आहेत. सौदी अरेबियाचा सायबर गुन्हेविरोधी कायदा २००७ सालचा आहे आणि त्याच्या सहाव्या कलमानुसार सार्वजनिक व्यवस्था, धार्मिक मूल्ये, सार्वजनिक नीतिमत्ता किंवा खासगीपणा यांना बाधा आणणारा मजकूर संगणकाच्या साहाय्याने तयार करणे, पाठवणे किंवा साठवणे हा गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि तीस लाख रियालपर्यंत दंड होऊ शकतो. या वाक्यातला ‘साठवणे’ हा शब्द प्रवाशाने दोनदा वाचावा. “मी ते कोणाला पाठवले नव्हते, नुसते पडून होते,” हा बचाव आपल्याला कितीही सयुक्तिक वाटला तरी कलमात त्याला जागा नाही.

लॅपटॉपमध्ये काय आहे हे आपल्याला ठाऊक आहे, असे समजणे

माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक ही आहे, आणि ती सज्जन माणसेच अधिक करतात, कारण आपल्याकडे आक्षेपार्ह काही नसणारच याची त्यांना खात्री असते. प्रत्यक्षात लॅपटॉप ही वर्षानुवर्षे न आवरलेली माळ्यावरची खोली असते. मोबाइलमधली छायाचित्रे क्लाउडमधून आपोआप उतरलेली असतात; त्या मोबाइलमध्ये शाळेच्या, सोसायटीच्या आणि मावसभावंडांच्या गटांवर येणारा प्रत्येक विनोद, प्रत्येक चित्रफीत जपून ठेवलेली असते; आणि त्या विनोदांत धर्माची टर उडवणारे किंवा उघडीवाघडी चित्रे असलेले चार-दोन तरी निघतातच. ते आपण पाहिलेही नसतील, पण पडद्यावर ओळीने मांडलेल्या चौकोनी चित्रांत ते परक्या माणसाला पहिल्या नजरेत दिसतात. म्हणून निघण्यापूर्वी एक संध्याकाळ राखून ठेवावी, डाउनलोडचा कप्पा, छायाचित्रांचे कप्पे, कचरापेटी आणि ब्राउझरमधला इतिहास स्वतः उघडून पाहावा, आणि फायली आकारमानानुसार व प्रकारानुसार लावून चित्रफिती एकेक करून तपासाव्यात. मोबाइलमध्ये चित्रे व चित्रफिती आपोआप उतरण्याची सोय बंद करावी. तसे केले नाही तर आज झाडलेली खोली उद्या विमानतळावर पुन्हा भरते.

समुद्रकिनाऱ्यावरच्या कपड्यांतली कौटुंबिक छायाचित्रे, मित्रांच्या मैफलीत हातात ग्लास घेतलेले फोटो, ऑनलाइन रमी किंवा पैजेची ॲप्स यांचाही याच वेळी विचार करावा. बहारीनला जोडणारा किंग फहद सेतू १९८६ पासून सुरू आहे, तो जेमतेम पंचवीस किलोमीटरचा आहे, आणि दम्मामकडचे पुष्कळ लोक शुक्रवार-शनिवारची सुट्टी पलीकडे घालवून शनिवारी रात्री परत येतात. पलीकडे जे कायदेशीर आहे त्याचे फोटो अलीकडे येताना बरोबर येतात, याचा विसर गर्दीच्या रांगेत हमखास पडतो.

देवाच्या चित्रांविषयी मला नेहमी विचारले जाते. पडद्यावर गणपतीचे चित्र आहे किंवा ज्ञानेश्वरीची एक प्रत फाइलीत आहे, एवढ्यावरून कोणाला अडवल्याचे माझ्या पाहण्यात नाही, आणि स्वतःपुरत्या उपासनेकडे सहसा काणाडोळा केला जातो. एकाच प्रवचनाच्या पन्नास पेनड्राइव्ह किंवा वाटण्यासाठी छापलेली पत्रके बरोबर असली तर मात्र त्याला प्रसाराचा वास येतो, आणि इस्लामेतर धर्माचा सार्वजनिक प्रचार तिथे निषिद्ध आहे. लॅपटॉपच्या झाकणावरच्या स्टिकरांचेही तसेच आहे. घरी गमतीने लावलेले राजकीय घोषणांचे किंवा मद्याच्या छापाचे स्टिकर खरवडून काढावेत. आणि उत्साहाच्या भरात सौदी झेंड्याचे स्टिकर तर मुळीच लावू नये, कारण त्या झेंड्यावर कलिमा, म्हणजे इस्लामवरच्या श्रद्धेचे पवित्र वचन, लिहिलेला आहे. याच कारणाने तो राष्ट्रीय दुखवट्यातही अर्ध्यावर उतरवला जात नाही. असा मजकूर टेबलावर, जमिनीवर आपटत फिरणाऱ्या वस्तूवर असणे तिथे अनादराचे मानले जाते.

दुसऱ्याची हार्ड डिस्क बरोबर घेणे

मी एकदा हे स्वतःच्या अंगावर ओढवून घेतले होते. एका शेजाऱ्यांनी तिकडच्या भाच्यासाठी दिलेली काळी हार्ड डिस्क मी लॅपटॉपच्या पिशवीत, चार्जरच्या वायरीत गुंडाळून टाकली होती. क्ष-किरण यंत्रावरच्या तरुण अधिकाऱ्याने लॅपटॉपला हातही लावला नाही, त्याने दोन बोटांनी ती डिस्क उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि विचारले, “आत काय?” मला माहीत नव्हते. “माहीत नाही” हे उत्तर इंग्रजीत देताना ते किती वाईट ऐकू येते हे मला त्या क्षणी कळले. डिस्क शेजारच्या खोलीत गेली, मी खुर्चीवर बसून राहिलो, आणि पाऊण तासाने ती परत आली तेव्हा तिच्यात लग्नाचे चित्रीकरण आणि जुनी मराठी नाटके याखेरीज काही निघाले नव्हते. नशीब चांगले होते, इतकेच म्हणता येईल. जी डिस्क, पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्ड आपण स्वतः आतून पाहिलेले नाही, ते बरोबर घेऊ नये. देणारा कितीही जवळचा असला तरी विमानतळावर मालक तुम्हीच असता.

खोक्यातल्या नव्या लॅपटॉपचाही प्रकार याच जातीचा आहे. कोकणातून गावच्या माणसाबरोबर सामान पाठवण्याची पद्धत इतकी रुळलेली आहे की “एवढा एक डबा ने रे, सलीमभाई न्यायला येतील,” या वाक्याला नकार देणे उद्धटपणाचे वाटते. परंतु सील न फोडलेला लॅपटॉप आणि त्याशिवाय स्वतःचा एक, असे दोन दिसले की अधिकाऱ्याच्या दृष्टीने दुसरा विक्रीसाठी आणलेला असतो. वैयक्तिक वस्तू व भेटवस्तू यांना तिथे तीन हजार रियालपर्यंत सूट आहे, त्यापुढच्या मालाची घोषणा करावी लागते, आणि मूल्यवर्धित कर जुलै २०२० पासून पंधरा टक्के आहे. नेणे अटळच असेल तर खरेदीची पावती बरोबर ठेवावी आणि विचारण्यापूर्वी स्वतःहून दाखवावी.

पिशवी उघडली जाईल असे दुसरे काही भरणे

लॅपटॉप क्वचितच एकटा उघडला जातो. आधी पिशवीतले दुसरे काहीतरी खटकते, मग सगळेच टेबलावर येते, आणि तेव्हा लॅपटॉपचीही पाळी येते. आपल्या लोकांच्या बाबतीत ते दुसरे काहीतरी पुष्कळदा खाण्याचे असते. खसखस हे आपल्याकडे वाणसामान आहे, पण सौदी अरेबियात, अमिरातींत आणि कतारमध्ये ती अफूच्या बोंडातून येते म्हणून तिच्यावर बंदी आहे, आणि अमली पदार्थांच्या बाबतीत सौदी कायद्याची कठोरता देहान्तापर्यंत जाते. दिवाळीच्या फराळात आईने प्रेमाने भरलेले अनारसे वरून खसखशीत घोळलेले असतात, ही गोष्ट डबा बंद करताना कोणाच्या मनातही येत नाही. लॅपटॉपची पिशवी कितीही निर्मळ केली असली तरी असा डबा शेजारी ठेवून ग्रीन चॅनेलमधून, म्हणजे घोषणा करण्याजोगे काही नसणाऱ्यांच्या वाटेने, जाऊ नये. चकली-शंकरपाळे न्यावेत, अनारसे घरीच खावेत.

बॅटऱ्यांबद्दल थोडक्यात : लॅपटॉप हातातल्या सामानात असावा, पॉवर बँक तर चेक-इनच्या बॅगेत चालतच नाही, आणि शंभर वॉट-अवरपर्यंतच्या बॅटरीला विमान कंपनीची वेगळी परवानगी लागत नाही. बहुतेक लॅपटॉप या मर्यादेच्या आतच असतात.

चालू न होणारा किंवा वाचता न येणारा लॅपटॉप

अधिकाऱ्याने उघडायला सांगितले आणि लॅपटॉप बंद पडलेला निघाला, तर साधी चौकशी लांबते. तिथले प्लग तीन चपट्या पिनांचे असतात, आपला गोल पिनांचा चार्जर त्यांत बसत नाही, म्हणून अडॅप्टर हातात असावा आणि विमानातून उतरताना बॅटरी निम्मी तरी भरलेली असावी. पडद्याची भाषा मराठी असेल तर प्रवासापुरती इंग्रजी करून ठेवावी, म्हणजे समोरच्याला आपण काय दाखवतो आहोत हे कळते. कंपनीचा लॅपटॉप असेल तर त्यातली माहिती कूटबद्ध असते आणि काही वेळा पासवर्ड बाहेर न देण्याचा नियमही असतो. अशा वेळी कंपनीकडून शिक्क्यानिशी पत्र, यंत्राच्या अनुक्रमांकासह, आधीच घ्यावे आणि आपत्कालीन संपर्काचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा. कार्यालयीन कामासाठीच्या व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरचा आपला माग झाकणाऱ्या जोडणीचा, तिथे सर्रास वापर होतो. बंद केलेली संकेतस्थळे उघडण्यासाठी घेतलेली फुकट व्हीपीएन मात्र काढून टाकावी. प्रवास दुबईमार्गे असून तिथे बाहेर पडणार असाल तर हे विशेष पाळावे, कारण गुन्हा करण्यासाठी आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरची आपल्या यंत्राची ओळख, लपवणाऱ्याला अमिरातींच्या कायद्यात पाच लाख ते वीस लाख दिरहम दंड आहे.

टेबलासमोर पुसापुशी करणे

रांगेत उभे असताना घाईघाईने फायली पुसणाऱ्या माणसाकडे मागच्या भिंतीवरचा कॅमेरा पाहत असतो आणि पुढचा अधिकारीही पाहत असतो. जे राहिले ते राहिले. त्या क्षणी हात लावू नये. प्रश्नाला उत्तर द्यावे, पण विचारले तेवढेच, आणि यंत्र उघडून दिल्यावर स्वतः कप्पे दाखवत सुटू नये. कोरा करकरीत, कालच फॉरमॅट केलेला लॅपटॉपही मला शहाणपणाचा वाटत नाही, कारण नोकरदार माणसाच्या यंत्रात एकही कागद नसणे हेच विचित्र दिसते. समोरच्याशी कायद्याचा वाद घालू नये, आणि तिथला फोटो काढणे किंवा फोनवर चित्रीकरण सुरू करणे तर कटाक्षाने टाळावे.

इतके करूनही लॅपटॉप ठेवून घेतला, तर पुढची अर्धी लढाई कागदाची असते. यंत्राचा मेक, अनुक्रमांक आणि तारीख असलेली पावती मागावी व तिचा फोटो विमानतळाबाहेर आल्यावर घरी पाठवावा. समोर ठेवलेला अरबी कागद समजला नसेल तर सही करण्यापूर्वी दुभाषा मागावा. शांतपणे, दोनदा मागावा. इकामा, म्हणजे तिथला निवास परवाना, असेल त्याने कंपनीच्या मंदूबला, म्हणजे सरकारी कामे पाहणाऱ्या माणसाला, लगेच फोन करावा, कारण असली प्रकरणे बहुधा त्याच्या ओळखीच्या खिडकीवर सुटतात. चौकशी वाढत आहे असे दिसले तर रियाधचा भारतीय दूतावास किंवा जेद्दाचे वाणिज्य दूतावास गाठावे. घरच्यांना परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या संकेतस्थळावरही तक्रार नोंदवता येते.

परतीची चूक मुंबईत होते. अठरा वर्षांवरील प्रवाशाला भारतात एक लॅपटॉप करमुक्त आणता येतो, आणि जाताना नेलेला जुना व तिकडे घेतलेला नवा असे दोन घेऊन उतरणारा माणूस दुसऱ्यावरच्या शुल्कासाठी टेबलापाशी थांबतो. याला उपाय जातानाच करायचा असतो : निघताना मुंबईच्या कस्टम्स कक्षात आपला लॅपटॉप दाखवून अनुक्रमांकासह निर्यात प्रमाणपत्र घ्यावे, म्हणजे परत येताना तो आपण येथूनच नेला होता हे सिद्ध करावे लागत नाही. त्यासाठी विमानतळावर तासभर आधी पोहोचावे आणि चेक-इनच्या रांगेत लागण्यापूर्वीच तो कक्ष विचारावा, कारण सुरक्षा तपासणी ओलांडल्यावर परत मागे येणे कठीण जाते.