गिओनमध्ये माइको बघायची आहे? मग तिकीट काढा

क्योतोत 'गेइशा' हा शब्द फारसा कोणी वापरत नाही. नाच-गाण्यात पूर्ण तयार झालेली ती गेइको आणि अजून शिकत असलेली मुलगी ती माइको. त्यांच्या वस्त्यांना कागाई म्हणतात. शहरात अशा पाच आहेत: गिओन कोबू, गिओन हिगाशी, मियागावाचो, पोन्तोचो आणि कामिशिचिकेन. बहुतेक पाहुणे पहिलीतच जातात, आणि तिथे हानामिकोजी रस्त्यावर मोबाइल सरसावून उभे राहतात.

हा सगळ्यात वाईट मार्ग. संध्याकाळी साडेपाच-सहाच्या सुमारास एखादी माइको झपाझप जाताना दिसेलही, पण ती कामाला निघालेली असते. ओचायात, म्हणजे मेजवानीच्या घरी, तिला ठरल्या वेळेला हजर व्हायचं असतं. वाट अडवणं, मागे लागणं, किमोनोची बाही धरणं हे प्रकार इतके वाढले की २०१९ मध्ये खासगी गल्ल्यांत फोटो काढायला बंदी आली, आणि २०२४ पासून काही गल्ल्यांत पर्यटकांना शिरायलाच मनाई झाली. पाट्यांवर १०,००० येनचा दंड लिहिलेला असतो. हानामिकोजी हा मुख्य रस्ता सार्वजनिक आहे. बंदी आहे ती त्याला फुटणाऱ्या अरुंद बोळांत, आणि चूक होते ती तिथेच. तोंडाशी पाटी दिसली की आत वळू नका.

तिथे पोचायचं कसं? क्योतो स्टेशनवरून थेट बस आहे, पण सुट्टीच्या दिवशी ती खचाखच भरते आणि रस्त्यात अडकते. त्यापेक्षा जेआर नारा लाइनने एकच स्टेशन पुढे तोफुकुजीला उतरा, तिथे केइहान लाइनची गाडी धरा आणि तिसऱ्या स्टेशनवर, गिओन-शिजोला, बाहेर पडा. शिजो रस्त्याने पूर्वेला चालत गेलं की उजव्या हाताला गडद तांबड्या भिंतीचं इचिरिकी ओचाया लागतं. हानामिकोजी तिथूनच दक्षिणेला सुरू होतो.

चालायला सकाळी आठच्या आत या. दुकानं बंद असतात, पण बघायची ती घरंच. लाकडी जाळी, वरच्या मजल्यावर बांबूचे पडदे, दारावर आत राहणाऱ्या गेइको-माइकोंच्या नावांच्या छोट्या पाट्या. भिंतीच्या पायथ्याशी बांबूच्या पट्ट्यांची कमानदार जाळी दिसेल, ती इनुयाराइ. रस्त्यावरचा चिखल आणि कुत्र्यांचा उपद्रव यांपासून भिंत वाचावी म्हणून ती असते. फोटोसाठी तिच्यावर टेकू नका, पट्ट्या लगेच मोडतात. मग शिजोच्या उत्तरेला शिराकावा ओढ्याकाठी जा. तात्सुमी पुलाजवळचा तो भाग जास्त देखणा आहे, असं आमचं मत.

भर दुपारी फोटोसाठी हसत उभी असलेली 'माइको' बहुधा भाड्याने पोशाख घेतलेली पर्यटक असते. खरी ओळखायची खूण पाठीमागे. दारारी ओबी हा सुमारे पाच मीटरचा कमरपट्टा, त्याची दोन टोकं जवळजवळ घोट्यापर्यंत लोंबतात आणि टोकाशी तिच्या ओकियाचं, म्हणजे ती राहते त्या घराचं, चिन्ह विणलेलं असतं. पायात सुमारे दहा सेंटिमीटर उंचीच्या लाकडी खडावा, म्हणजे ओकोबो. माइकोचे केस स्वतःचे असतात, गेइको टोप घालते. पहिल्या वर्षीच्या माइकोचा फक्त खालचा ओठ रंगवलेला असतो.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे कला. ती रंगमंचावर बघा. गिओन कोबूचा मियाको ओदोरी १८७२ पासून चालत आलाय आणि दरवर्षी १ ते ३० एप्रिल असतो. साधारण तासाभराचा खेळ, ऋतूंप्रमाणे प्रवेश बदलतात, पण पडदा मध्ये पडतच नाही. खेळ सुरू होताना दोन्ही बाजूंच्या मार्गांवरून 'योऽऽइ यासाऽऽ' अशी साद देत नर्तिका येतात, त्यामुळे पाच मिनिटं उशीर झाला तर सगळ्यात सुंदर क्षण हुकतो. जमल्यास चहासकट असलेलं तिकीट घ्या आणि तासभर आधी पोचा. गेइको समोर माचा, म्हणजे हिरव्या चहाची पूड, घोटते, माइको वाटी आणून देतात. गोड पदार्थाची छोटी बशी घरी न्यायची असते, ती टेबलावर विसरू नका. चहा झटपट उरकतो, निवांत गप्पांची अपेक्षा नको. खेळ चालू असताना फोटो बंद.

हा नाच इनोउए घराण्याचा. उड्या नाहीत, गिरक्या नाहीत. नो या जुन्या, मुखवटे घालून होणाऱ्या जपानी नाट्याचा त्याच्यावर प्रभाव आहे. नर्तिका कंबर खाली ठेवते आणि पाय जमिनीलगत सरकवते. चेहऱ्याकडे बघत बसलात तर कंटाळा येईल, कारण चेहरा मुद्दामच स्थिर ठेवलेला असतो. हातातला पंखा आणि मनगट बघा. वादक बाजूला बसतात, त्यांना जिकाता म्हणतात, आणि त्यात वयस्कर गेइको असतात.

एप्रिल जमत नसेल तर पोन्तोचोचा कामोगावा ओदोरी मे महिन्यात असतो, गिओन हिगाशीचा गिओन ओदोरी नोव्हेंबरमध्ये. २५ फेब्रुवारीला कितानो तेनमानगू देवळात उमेच्या (जपानी आलुबुखारच्या) झाडांच्या बहरात उत्सव असतो, तिथे कामिशिचिकेनच्या गेइको-माइको उघड्यावर चहा देतात. यातलं काहीच साधलं नाही तर गिओन कॉर्नर आहे. क्योमाइ (क्योतोचा नाच), कोतो (तंतुवाद्य), क्योगेन (विनोदी नाट्य), बुनराकू (बाहुलीनाट्य) असं सगळं थोडं थोडं, तासाभरात. फार खोलात जात नाही, पण ओळख होते.

ओचायात थेट दार ठोठावून प्रवेश मिळत नाही, पैसे कितीही असोत. ओळखीतून आलेल्याचीच बैठक ठरते, कारण बिल नंतर पाठवलं जातं आणि त्याची हमी ओळख देणारा घेतो. चांगल्या हॉटेलचा कॉन्सिएर्ज, म्हणजे पाहुण्यांची सोय बघणारा कर्मचारी, बैठक जमवू शकतो. माणशी खर्च दहा हजार येनच्या काही पट धरून चाला. स्वच्छ, न फाटलेले मोजे घाला, बूट दारातच निघतात. बैठकीत कोन्पिरा फुनेफुने हा खेळ हमखास निघतो. मध्ये छोटी वस्तू असते आणि गाण्याच्या ठेक्यावर दोघांनी आळीपाळीने हात टाकायचा. वस्तू जागेवर असेल तर उघडा तळवा, समोरच्याने उचलली असेल तर मूठ. ठेका वाढत जातो, आणि माइको सहसा हरत नाही.