फिरतीची नोकरी: दौरा परतीच्या दिवसापासून आखा

दौऱ्याच्या कागदावर आधी परतीचा दिवस आणि वेळ लिहा, मग उलट्या क्रमाने भेटी भरत या. सर्वांत लांबचं गाव पहिल्या दिवशी गाठायचं आणि रोज घराकडे सरकायचं. मधे एखादी भेट लांबली तर शेवटची, जवळची भेट सोडता येते. ती नंतर घरून जाऊनही होते. लांबचं गाव शेवटी ठेवलंत तर मुक्काम वाढलाच म्हणून समजा. दिवसात ८ भेटी बसत असतील तर ६ च लिहा. वसुली आधी, नवी ऑर्डर नंतर. थकबाकीचा विषय शेवटी काढला की दुकानमालकाला नेमकं बाहेर जायचं असतं.

चार दिवसांना तीन शर्ट पुरतात, पण मिश्र धाग्याचे. धुतलेला शर्ट कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबायचा आणि पंख्याखाली टांगायचा. जाड सुती शर्ट सकाळी काखेत ओलाच लागतो. बूट दोन जोड, आलटूनपालटून. घामाचा ओलावा एका रात्रीत जात नाही. औषधं आणि चार्जर नमुन्यांच्या बॅगेत नकोत, ती बॅग हातातून सुटते.

बिलांचे फोटो त्याच रात्री काढा. थर्मल, म्हणजे उष्णतेने अक्षरं उमटणाऱ्या कागदावरची छपाई उन्हात, गाडीच्या काचेखाली काळवंडते किंवा उडते, आणि भत्ता अडकतो.

घरी फोन कधी करायचा ते निघण्यापूर्वीच ठरवा. ‘मोकळा झालो की करतो’ म्हणजे मुलं झोपल्यावर. संध्याकाळची शेवटची भेट संपली की खोलीवर जाण्याआधीच लावा. एकदा पलंगावर पाठ टेकली की बोलणं हुंकारांवर येतं. मुलांना ‘आज काय केलंस?’ विचारलं तर ‘काही नाही’ हेच मिळतं. चाचणी, सामना, भांडलेला मित्र हे आदल्या दिवशी ऑर्डर वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवा आणि तेच विचारा. गिऱ्हाइकांच्या बारीकसारीक गोष्टी लक्षात ठेवता, तेच कसब इथेही चालतं. फोन हुकणार असेल तर आधी कळवा; नंतरच्या सबबीला घरात फारसा भाव नसतो.

तुमच्या मागे घरात झालेले निर्णय परतल्या संध्याकाळी उकरू नका. मळके कपडे स्वतः वेगळे काढा, आणि खर्चाचा तक्ता परतीच्या प्रवासातच पुरा करा.