मशीनच्या तपासणीला निघण्यापूर्वी मनाची तयारी

आयसीडी म्हणजे हृदयाचा ताल धोकादायक बिघडला की शॉक देऊन तो सावरणारं, शरीरात बसवलेलं मशीन. ते बसवलेल्या माणसाची दर काही महिन्यांनी तपासणी होते. बॅटरी, तारा, नोंदी सगळं पाहून झालं की 'मशीन उत्तम' म्हणून पुढची तारीख मिळते. मनाची चौकशी होईलच असं नाही, म्हणून ती तयारी घरूनच करून जा. अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, दहा मिनिटं यासाठी हवी आहेत.

आधीचे पंधरा दिवस वही ठेवा. पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ या उदासी आणि चिंतेच्या प्रश्नावल्या मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारतात. झोप, भूक, चिडचिड लिहाच. पण माझ्या मते सर्वात महत्त्वाचं म्हणजे काय काय करणं सोडून दिलं ते. न्हाणीघराची कडी लावत नाही, एकटं बाहेर पडत नाही, ज्या जिन्यावर शॉक बसला तो जिना चढत नाही. काहीजण नातवंडाला कडेवर घेणंही बंद करतात. ही भीती उगाच आहे: शॉकच्या क्षणी अंगाला हात लागला तरी समोरच्याला फार तर झिणझिण्या येतात, इजा होत नाही.

शॉक बसला, किंवा बसल्यासारखा वाटला, की तारीख आणि वेळ टिपून ठेवा. झोपेतून दचकून उठावं इतका खरा वाटलेला शॉक मशीनच्या नोंदीत कधीकधी नसतोच. त्याला फँटम शॉक म्हणतात. घरच्यांनी 'भास झाला' म्हणून तो उडवून लावू नये, कारण त्यामागचा धसका खरा असतो.

गोळ्यांच्या पट्ट्या आणि मशीनचं कार्ड बरोबर घ्या. हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या गोळ्यांपैकी बीटा ब्लॉकरने थकवा येऊ शकतो, अमिओडेरोनने थायरॉइड बिघडू शकतं, आणि दोन्ही उदासीसारखंच दिसतं. थायरॉइडचा रिपोर्ट असेल तर तोही न्या. मानसोपचारतज्ज्ञांकडे जाताना ताजा ईसीजी हवाच, कारण उदासीवरच्या एस्सिटालोप्रामसारख्या काही गोळ्यांचा हृदयाच्या तालावर परिणाम होतो.

नवऱ्याला किंवा बायकोलाही सोबत न्या. रात्री उठून श्वास चालू आहे का पाहणाऱ्या माणसालाही कोणीतरी विचारायला हवं.

कोणत्याही प्रश्नावलीत १० किंवा जास्त गुण आले तर पुढची तपासणी मागा. तो आकडा म्हणजे निदान नव्हे. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे संकोच करू नका. तसे विचार येत असतील तर तारखेची वाट न पाहता आजच घरच्यांना आणि डॉक्टरांना सांगा. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

दवाखान्यातून निघण्यापूर्वी, शॉकनंतर काय करायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. साधारणपणे एक शॉक बसून बरं वाटत असेल तर त्याच दिवशी दवाखान्यात फोन करायचा. लागोपाठ शॉक, छातीत दुखणं, धाप किंवा चक्कर असेल तर १०८. हा कागद फ्रिजवर लावा आणि पुढे कधी शॉक बसला, तर त्यानंतरच्या भेटीत दोन्ही प्रश्नावल्या पुन्हा भरायला मागा.