नवऱ्याच्या कार्डावर नाव घालण्याआधी: अमेरिकेला निघणाऱ्यांची तयारी

बॅगेत काय भरायचं याची यादी प्रत्येकीकडे असते, बाकरवडी, मेतकूट, छोटा कुकर, चष्म्याची जास्तीची जोडी. ही यादी वेगळी आहे. माझी मामेबहीण दिवाळीनंतर एच-फोरवर, म्हणजे तिकडे नोकरी करणाऱ्याच्या बायकोला मिळतो त्या व्हिसावर, न्यू जर्सीला चाललीये आणि परवा कर्वे रोडवर चहा घेताना म्हणाली, ताई माझा सिबिल स्कोअर 790 आहे, तिकडे काय प्रॉब्लेम येणार. तर बाई, ते 790 इथेच राहणार. इक्विफॅक्स आणि एक्सपेरियन, म्हणजे आपल्या कर्जाचा-कार्डांचा हिशेब ठेवून रिपोर्ट आणि स्कोअर देणाऱ्या कंपन्या (ब्युरो), ही नावं इथेही आहेत आणि तिथेही, पण फाइल वेगळी, तिथल्या फाइलमध्ये तू अजून जन्मलेलीच नाहीस. म्हणून सगळे सांगतात की नवऱ्याच्या क्रेडिट कार्डावर ऑथराइज्ड युजर हो, म्हणजे आपल्या भाषेत ऍड-ऑन, त्याचं खातं तुझ्याही फाइलमध्ये दिसायला लागतं.

आधी पासपोर्ट काढून समोर ठेवा. आपल्याकडे गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकत्र असतं, लग्नानंतर बदलून घेतलं असेल तर नवऱ्याचं, आणि नवरा तिकडे बँकेला फोनवर नाव सांगताना त्याच्या मनाला येईल ते सांगतो. माझं असंच झालं. एका रिपोर्टमध्ये बाबांचं नाव मिडल नेम म्हणून, दुसरीकडे नवऱ्याचं, आणि तिसऱ्या ठिकाणी ते कार्ड दिसतच नव्हतं, बँकेशी फोनाफोनी करण्यात दोन महिने गेले. तेव्हा नावाचं स्पेलिंग, जन्मतारीख आणि अपार्टमेंट नंबरसकट पत्ता एका व्हॉट्सऍप मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि त्याला सांगा, हेच कॉपी-पेस्ट कर. एच-फोरवर वर्क परमिट नसेल तर सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे तिकडचा सरकारी ओळख क्रमांक, मिळत नाही, मग ओळख जुळवायला नाव, तारीख आणि पत्ता एवढंच हातात उरतं.

मग त्याच्या कार्डाचं स्टेटमेंट मागा. हो, मागायचंच. बहीण म्हणे कसं दिसेल ते, मी म्हटलं पत्रिका मागताना नाही वाटलं काही? कारण बँकेने कळवलं की ते अख्खं खातं तुमच्या रिपोर्टवर येतं, लिमिट, बाकी, वेळेवर भरलेले आणि न भरलेले हप्ते, बऱ्याचदा खातं उघडल्याच्या तारखेसकट. लिमिट 8,000 डॉलर आणि बाकी 6,400 असेल तर 80 टक्के वापर तुमच्याही नावावर दिसतो, तुम्ही एक कॉफीसुद्धा घेतलेली नसताना. बाकी मोजली जाते ती साधारण स्टेटमेंट बनतं त्या दिवशीची, ड्यू डेटची नाही. आमच्याकडे एकाच महिन्यात सोफा आणि दोन तिकिटं त्या कार्डावर गेली, पैसे पूर्ण भरले पण स्टेटमेंट बनून गेल्यावर, आणि माझा नवा कोरा स्कोअर धाडकन खाली. म्हणून स्टेटमेंटची तारीख विचारून ठेवा, मोठा खर्च असेल तर त्याच्या आधीच भरायला लावा.

बँकेला दोन प्रश्न विचारायला सांगा, ऑथराइज्ड युजरची माहिती तुम्ही तिन्ही ब्युरोंना, म्हणजे इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियनला कळवता का, आणि सोशल सिक्युरिटी नंबर नसेल तरी कळवता का. सगळ्या बँकांचं सारखं नसतं. नवरा-बायकोच्या बाबतीत मात्र 1974 च्या इक्वल क्रेडिट ऑपॉर्च्युनिटी कायद्याखालचा नियम आहे, बँक खात्याची माहिती कळवत असेल आणि बायकोला ते खातं वापरायची परवानगी असेल तर दोघांचा सहभाग दिसला पाहिजे. फोनवर समोरचा नाही म्हणाला तर हे सांगता येतं.

एक बरं आहे, कर्ज फेडायची कायदेशीर जबाबदारी ऑथराइज्ड युजरवर नसते, आणि नाव काढून घ्यायचं तर बँकेला सांगून काढता येतं. पण खात्यासमोर ऑथराइज्ड युजर असा शिक्का असतो, तो घर किंवा गाडीचं कर्ज देणाऱ्याला दिसतो, त्यामुळे यावरच विसंबून राहू नका, जमेल तेव्हा डिपॉझिट ठेवून स्वतःचं एक सिक्युअर्ड कार्ड काढा. फायको स्कोअर, म्हणजे तिकडचा सिबिल स्कोअर, निघायला निदान एक खातं सहा महिने जुनं लागतं.

पोचल्यावर दोन-तीन महिन्यांनी तिन्ही रिपोर्ट मागवा, ऍन्युअल क्रेडिट रिपोर्ट डॉट कॉमवर फुकट मिळतात, ऑनलाइन ओळख पटली नाही तर पोस्टाने. चूक असेल तर ब्युरोकडे डिस्प्यूट, म्हणजे तक्रार, टाका, तपासायला त्यांना साधारण 30 दिवस असतात.

इथलं आवरायचं ते थोडंच. बाबांच्या कार्डावरचं ऍड-ऑन वापरणार नसाल तर बंद करा, रिझर्व्ह बँकेच्या नियमाने त्याची देणी मुख्य कार्डधारकाच्याच डोक्यावर असतात. सिबिलचा वर्षाचा फुकट रिपोर्ट काढून ठेवा आणि ओटीपीचा मोबाइल नंबर चालू राहील असं बघा, नाहीतर तिकडे बसून काहीच उघडत नाही.

काल बहिणीने स्टेटमेंट आणि नवऱ्याच्या रिपोर्टचा स्क्रीनशॉट पाठवला. लिमिट 12,000, बाकी 900, झकास, पण 2021 मध्ये एक हप्ता 30 दिवस उशिरा. अशी नोंद सात वर्षं राहते, म्हणजे 2028 पर्यंत. आता तो म्हणतोय, माझं दुसरं एक कार्ड आहे, त्याच्यावर घालू तुझं नाव.